दोन पट्टे खाली

१

रिकामी बोट किनाऱ्याला लागली की माणसं टोपी काढतात, गप्प उभी राहतात आणि कुणीतरी हळूच म्हणतं, समुद्राने नेला. एवढं म्हटलं की सगळे मोकळे. पुढे डोकं चालवायला कुणाच्या बापाला वेळ आहे?

लांब वाळूवर त्या शुक्रवारी हेच चाललं होतं. पूर्वेचं वादळ ओसरल्यावर आदल्या पहाटे एक हिरवी बोट तिथे लागली होती. सपाट बुडाची असल्याने वाळूत ताठ बसलेली, नांगराचा दोर घासून तुटलेला, मागे बांधायची छोटी डिंगी गायब आणि आत माणूस नाही. शीड मिटून पडलेलं होतं, पण त्याचा विटकरी रंग रस्त्यावरूनच दिसत होता आणि त्या रंगावर वाद घालायची कुणाची छाती नव्हती. ते एल्विन थॉरोगुडचं शीड होतं. म्हणजे बोट त्याची 'कुआका'. म्हणजे एल्विन गेला.

मी राहेरा होहाया, मातुकू खाडीची हार्बर वॉर्डन. पगार नाही. एक जाकीट मिळतं आणि लोकांच्या शिव्या. सार्जंट ऑटवेने मला एका वाक्यासाठी बोलावलं होतं: ही बोट कुआका आहे, एवढं मी सांगायचं. आमच्याकडे अशा बोटींना ना नंबर असतो ना कागद. ओळखणाऱ्याने ओळखायचं, बस्स.

तसं एल्विनच्या मुलीने ते आधीच सांगितलं होतं. तामसिनने लांबून शीड पाहिलं, मान हलवली आणि ती वाळूच्या उंचवट्यावर बसली ती बसलीच. मी जवळ गेले तेव्हा तिने माझ्या जाकिटाची बाही धरली.

"मावशी, मला जवळ जाववलं नाही. तू जा. नीट बघ. मला कळायला हवंय, ती बोट बाबांचीच आहे, की मी उगाच त्यांना मारून टाकलं."

समोर समुद्रात आमच्याच खाडीतल्या बोटी त्याला शोधत फिरत होत्या. सूर्य मावळला की शोध थांबणार होता. त्यानंतर एल्विन थॉरोगुड फक्त बोलण्यात उरणार होता.

रविवारी, खाडीच्या शर्यतीच्या दिवशी, अख्ख्या धक्क्याने कुआकाला बाहेर जाताना पाहिलं होतं. मीही त्यात होते. आमच्या बाजूला बहुतेक बोटींना तिकोनी शिडं. एल्विनचं एकच, चिनी पद्धतीचं: आडव्या काठ्यांवर ताणलेलं, पंख्यासारखं उघडणारं. दोर सैल सोडला की खालचे पट्टे एकावर एक घडी होऊन बसतात. वारा वाढला की हवे तेवढे पट्टे खाली घ्यायचे, की शीड लहान. त्या रविवारी वारा असा पडलेला की शर्यतीच्या बोटी जागच्या जागी गिरक्या घेत होत्या, आणि म्हातारा पिवळ्या कोटात टोपी हलवत, दोन पट्टे खाली घेऊन निघाला होता. मागच्या कठड्यावर गोधडी वाळत टाकलेली. कालवंवाली हुहाना माझ्या शेजारीच होती. ती म्हणाली, म्हातारपण आधी शिडात शिरतं. आम्ही हसलो होतो.

मी बोटीला वळसा घालून मागे गेले. नावाची पाटी नव्हती. ऑटवे म्हणाला, लाटांनी उखडली असेल.

मी फळीवरून हात फिरवला. एकदा वरून, एकदा खालून.

"सार्जंट, लाटा पाटी नेतात. स्क्रूची भोकं पण नेतात का?"

२

ऑटवे मूर्ख नव्हता. त्याने वाकून पाहिलं, बोटाने रंग खरवडला आणि म्हणाला, भोकांत पुट्टी भरून रंगवलं असेल. शक्य होतं. म्हणून मी आत उतरले.

आत गुडघाभर वाळू आणि पाणी. वादळाने गाद्या, भांडी, शेगडी सगळं ओरबाडून नेलं, असं ऑटवेचं म्हणणं. पण मी कुआकाच्या केबिनमध्ये अर्धं आयुष्य जेवले आहे. एल्विन तिथे रोज मटणाची चरबी जाळायचा. छत काळं, खांब चिकट, लाकडात कांद्याचा आणि रॉकेलचा वास मुरलेला. इथलं छत कोरं होतं. प्लायवूडवर पेन्सिलीच्या रेघा अजून तशाच. समुद्र शेगडी नेईल हो, काजळी नाही नेत. या बोटीत कधी कुणी कांदा परतलेला नव्हता.

मी वर आले आणि ऑटवेच्या हाताखालच्या दोघा पोलिसांना शीड वर चढवायला सांगितलं. त्यांनी दोर ओढला. पट्ट्यामागून पट्टा उघडत गेला, विटकरी पंखा फुलला, आणि मग वरची तिरपी दांडी डोलकाठीच्या शेंड्याला जाऊन ठेचली. पुढे जागाच नव्हती. खाली अजून दोन पट्टे घडीतच पडले होते.

मी पाहत राहिले. रविवारी याच दोन पट्ट्यांवर आम्ही हसलो होतो. वारा नसताना कुणी दोन पट्टे खाली घेत नाही. एल्विन तर ताटं उडायला लागेपर्यंत एक पट्टा उतरवणारा नव्हता. रविवारी जो होता त्याने पट्टे उतरवलेच नव्हते. ते त्याला चढवताच आले नव्हते. डोलकाठीच आखूड होती.

आणखी एक गोष्ट. एल्विनच्या शिडाच्या काठ्यांना सांधे होते. प्रत्येक काठी तीन तुकड्यांची, मध्ये दोन जागी सैल जोडलेली, म्हणजे वाऱ्यात काठी वाकते आणि शिडाला पोट सुटतं. ही त्याची स्वतःची टूम. इथे प्रत्येक सांध्यावर दोन्ही बाजूंनी बांबूच्या पट्ट्या घट्ट बांधल्या होत्या. मोडक्या हाताला बांधतात तशा. मी एक पट्टी सोडली. आतला सांधा धडधाकट होता. दुसरी सोडली. तोही धडधाकट. चांगल्या सांध्यांना कुणी वैद्य होऊन का बसला होता?

ऑटवेने विचारलं, तुम्हाला म्हणायचंय तरी काय, राहेराबाई?

"शीड एल्विनचं आहे. बोट नाही."

मग कुणाची, म्हणाला. मी म्हटलं, माहीत नाही. मी ही बोट आयुष्यात पाहिलेली नाही. आकार कुआकाचाच, कारण त्या एकाच नकाशावरून आमच्या उत्तरेत कित्येकांनी आपापल्या परसात असल्या बोटी ठोकल्या आहेत. रंगही तोच, पण कालपरवा लावलेला. आणि आम्ही सगळे शहाणे लाकूड बघतच नाही. आमची नजर शिडावर. तसलं शीड खाडीत एल्विनशिवाय कुणी लावत नव्हतं, म्हणून शीड दिसलं की एल्विन दिसला.

ऑटवे म्हणाला, ठीक, पण रविवारी पिवळ्या कोटातला कुणीतरी माणूस याच बोटीतून गेला, तो एल्विन असो वा नसो, आत्ता समुद्रात असू शकतो. शोध थांबवणार नाही. त्याचं बरोबर होतं.

तामसिन केव्हा खाली आली कळलं नाही. तिने ते कोरं छत पाहिलं, आणि मग तिने विचारलं ते मलाही सुचलं नव्हतं.

"ही गेली, तर कुआका कुठेय?"

३

माझ्या गाडीत ती बोलली. एल्विनची फुप्फुसं संपत आली होती. डॉक्टरांनी त्याला बोटीवर एकटं राहायला मनाई केली होती. तिच्या नवऱ्याने, गॅव्हिनने, शहरात वृद्धांच्या निवासात एक खोली ठरवली. सोमवारी ती बापाला न्यायला येणार होती आणि रविवारी तो टोपी हलवत निघून गेला. ती मनात म्हणत होती, माझ्यापासून पळताना बुडाला.

कुआका हा आमच्याकडचा पाहुणा पक्षी. हंगाम संपला की चिखल सोडतो आणि उडून जातो. एल्विनही असाच. शरद आला की बेटांकडे सुटायचा, महिनोन्महिने पत्ता नाही. म्हणून सोमवारी कुणी शोधलं नाही. वादळ आलं नसतं, ही बोट किनाऱ्याला लागली नसती, तर आजही कुणी शोधलं नसतं. हे मी डोक्यात नोंदवून ठेवलं.

कुआका कुणी हलवली हे विचारायला गॅव्हिनकडे आधी गेलो, कारण खाडी त्यालाच नावं ठेवत होती. घरं विकायचा धंदा, चकचकीत बूट, सासऱ्याच्या बोटीला गिऱ्हाईक पाहून आलेला. मलाही तो आवडत नाही. तो म्हणाला, हो, पाहिलं गिऱ्हाईक. खोलीचे पैसे कोण भरणार होतं, तुम्ही? बोट पळवून विकायची असती तर सोमवारपर्यंत थांबलो असतो, ती माझ्याच हातात येणार होती. आगाऊपणे बोलला, पण हिशेब चुकीचा नव्हता. शिवाय त्याला धक्क्यावर उभं राहूनसुद्धा मळमळतं. मी त्याच्या हातात दोरीचं टोक दिलं आणि खांबाला बांधायला सांगितलं. त्याने बुटाची गाठ मारली. हा माणूस चिनी शिडाची बोट खाडीबाहेर काढणार? सोडा.

हुहानावर संशय घेणं मला आवडलं नाही, पण संशयाला आवडनिवड नसते. तिच्याकडे कालवांचा तराफा आणि दणकट इंजिन. ती कुठलीही बोट कुठेही ओढून नेऊ शकते. एल्विनला ती रोज कालवं द्यायची आणि तो तिला रोज लग्नाचं विचारायचा. गेले दोन दिवस तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मी ते तोंडावर बोलून दाखवलं.

तिने हातातली सुरी खाली ठेवली नाही. म्हणाली, पाणी काढायला वेळ मिळाला नाही. तिचा मुलगा तावेरा शोधाच्या बोटीवर गेला होता. काल लाटेने त्याला कठड्यावर आपटलं आणि त्याचा खांदा निखळला. रात्रभर ती दवाखान्यात होती. मुलगा आतून ओरडत होता की मला सोडा, म्हातारा अजून पाण्यात आहे.

मी उठले. समुद्रात कुणी नाही हे जिला माहीत आहे, ती आपला पोरगा लाटांत धाडत नाही. हुहाना माझ्यासारखीच फसली होती, आणि जेव्हा तिला कळेल तेव्हा त्या सुरीपासून लांब राहावं असं मला वाटून गेलं.

निघताना ती म्हणाली, चिनी शिडाचं काही विचारायचं तर एकच माणूस उरला. पण तो एल्विनचं नावही घेणार नाही.

४

मर्डो लेकी आणि एल्विन थॉरोगुड वीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण बाईवरून नाही, जमिनीवरून नाही. शिडाला पोट असावं की नसावं यावरून. दोघांनी एकत्र चिनी शिडाची पुस्तकं वाचली, एकत्र नकाशे मागवले. मग एल्विनने काठ्यांना सांधे बसवले. मर्डो भर क्लबात उभा राहून म्हणाला, शिडाला गुडघे फुटलेत, आता ते चालत घरी जाईल. एल्विन म्हणाला, तुझं शीड म्हणजे दरवाजा आहे. तेव्हापासून अबोला. मर्डो धक्क्यावर फिरकायचाच नाही. रविवारीही नव्हता. कुणाला आश्चर्य वाटलं नाही.

त्याची शेड खाडीच्या वरच्या टोकाला, एल्विनच्या नांगराच्याही पलीकडे, वळणाआड. त्या शेडमध्ये त्याची बोट बारा वर्षं बांधली जात होती. खाडीतली सगळ्यात जुनी थट्टा ती. लग्न कधी करतोस विचारलं की पोरं सांगायची, मर्डोची बोट तरंगली की.

आम्ही पोचलो तेव्हा भरती होती. पाणी बोट सोडायच्या उताराच्या तोंडाशी आलेलं, चिखल सगळा झाकलेला. उताराशेजारी गवतात ताडपत्रीखाली एक डोलकाठी पडली होती. तिचा शेंडा शेडच्या भिंतीच्या बाहेर डोकावत होता. मर्डो दारात उभा राहिला आणि दारातून हलला नाही. त्याच्या खांद्यावरून आत लाकडी पाळण्यावर ठेवलेली बोट अर्धी दिसत होती, वर जुनी चादर. आतून घाण वास येत होता, मेलेल्या शिंपल्यांचा. तामसिनने नाकाला रुमाल लावला. मर्डो म्हणाला, ओहोटीचा चिखल आहे, दुसरं काय.

मी विचारत गेले, तो तुटक उत्तरं देत गेला. रविवारी कुठे होतास? इथेच. एल्विनला शेवटचं कधी पाहिलंस? बघतो कशाला. तामसिनकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. माणूस दुःखात असला की लोक बघत नाहीत, हे खरं. पण मर्डोने दाराची कडी एकदाही सोडली नाही.

जाता जाता मी म्हटलं, कुणीतरी एल्विनच्या शिडाच्या सांध्यांना बांबू बांधून ठेवलेत. चांगल्या सांध्यांना.

तेव्हा त्याच्या तोंडावर पहिल्यांदा माणूसपणाचं काहीतरी दिसलं.

"मग एकदा तरी नीट उभं राहिलं असेल ते शीड," तो म्हणाला.

आणि दार लावून घेतलं.

५

गाडी सुरू केली, फाट्यापर्यंत आणली आणि बंद केली. तामसिन म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, गप्प बस, मला चीड येतेय आणि कशाची ते कळू दे.

मग एकेक करून तिला सांगितलं.

भरती होती. आपण दोघींनी पाणी पाहिलं. चिखल उघडा नव्हता, मग ओहोटीचा वास कुठून? तो वास मला माहीत आहे. बोट पाण्याबाहेर काढली की बुडाला चिकटलेले शिंपले, शेवाळ वाळायला लागतात आणि सडतात. आठवडाभर ती दुर्गंधी जात नाही. पण मर्डोची बोट बारा वर्षांत पाण्याला शिवलेली नाही. तिच्या बुडाला शिंपले कुठून येणार?

दुसरं, ती डोलकाठी. आखूड डोलकाठीचा मर्डो कट्टर. उंच काठी म्हणजे गर्व, असं तो म्हणतो. त्याच्या गवतात ही एवढी लांब काठी कुणाची? चिनी शिडाच्या डोलकाठीला ताणाच्या तारा नसतात. कप्पीने उचलली की सरळ निघून येते, आणि बोट छपराखाली घालता येते. आणि लांब वाळूवरच्या बोटीची काठी कशी होती? आखूड.

तिसरं, बांबू. पट्टे न चढण्याचा आणि त्या बांबूंचा काही संबंध नाही. खाडीबाहेर जायला त्यांची गरज नव्हती. ते बांधायला अर्धी रात्र गेली असेल. सगळ्या जगाला फसवायला निघालेला माणूस, पकडला जाण्याची धास्ती, आणि तरीही त्याला दुसऱ्याचं शीड वाकडं राहू देववलं नाही. असा माणूस या पृथ्वीवर एकच आहे.

"लांब वाळूवरची बोट मर्डोची," मी म्हटलं. "ती कुणी ओळखली नाही, कारण ती कुणी कधी पाण्यात पाहिलीच नाही. शनिवारी उधाणाची भरती होती. ती बाहेर आली आणि तिच्या जागी दुसरी आत गेली. तोच आकार, तोच पाळणा. बारा वर्षं त्या दारातून आपण एक बोट बघतोय. कोणती, ते कोण बघतो?"

तामसिन माझ्याकडे वळली.

"बाबांना मारलं त्याने?"

मी गाडी वळवली.

या वेळी दार ठोठावलं नाही. मी खांदा लावला, कडी तुटली. मर्डो आत शिडीजवळ उभा होता, हातात सुपाची वाटी. मी त्याच्या अंगावरूनच गेले आणि चादर ओढली. हिरवा रंग, जुना, पोपडे आलेला. मागच्या फळीवर पाटी: कुआका. बुडाला वाळलेलं शेवाळ.

वरून आवाज आला. दम लागलेला, चिडका.

"मर्डो, कोण तडमडलंय रे? सूप गार होतंय."

तामसिन शिडी चढली. मी मागोमाग. एल्विन त्याच्या बंकवर उशांना टेकून बसला होता, मांडीवर रेडिओ उघडून पडलेला, त्याची बॅटरी बाहेर. काळ्या छताखाली त्याचे ओठ निळसर दिसत होते. मुलीला पाहून तो आधी शरमला, आणि मग तिचे डोळे पाहून घाबरला.

"काय झालं? कोण गेलं?"

तामसिन म्हणाली, "तुम्ही."

६

त्याला काहीच माहीत नव्हतं. रेडिओची बॅटरी मर्डोने काढून ठेवली होती, बिघडलाय म्हणून.

बेत एल्विनचा होता. खोलीत मरायचं नव्हतं. तो मर्डोकडे गेला कारण मित्रांनी तामसिनला सांगितलं असतं. "दुश्मन बरा," तो मला म्हणाला, "त्याच्याशी कुणी बोलायलाच जात नाही." मर्डोने आपली बोट कुआकाच्या रंगात रंगवली, एल्विनचं शीड आणि पिवळा कोट चढवला, नावाची पाटी नव्हती ते झाकायला गोधडी टाकली आणि सगळ्या धक्क्यासमोरून गेला. बेटाआड नांगर टाकून डिंगीने अंधारात परत आला. लोक म्हणणार, म्हातारा बेटांकडे गेला. हंगामभर कुणी विचारणार नाही. तेवढा हंगाम एल्विनला पुरला असता. उधाण आलं की पाणी शेडमध्ये पाळण्यापर्यंत चढतं आणि कुआकाचं बूड हलतं. त्याला तेवढंच हवं होतं.

मग वादळाने नांगराचा दोर तोडला.

मी मर्डोला विचारलं, काल सकाळीच का नाही बोललास? तो म्हणाला, बोललो असतो तर याला उचलून नेला असता. आज सूर्य मावळला की शोध थांबणार होता, मग सगळे याला विसरले असते. असं म्हणाला, सरळ. मेलेल्या माणसाला कुणी निवासात नेत नाही.

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. या मुलीला बापाचं मढं समुद्रात शोधायला लावलंस. हुहानाच्या पोराचा खांदा गेला. एल्विनलाही सोडलं नाही. म्हटलं, तुझं मरण तुझं असेल रे म्हाताऱ्या, पण त्याचा खर्च या लोकांनी का करायचा? एल्विन रडला. मर्डो रडला नाही, वाटी धरून उभा राहिला.

मी ऑटवेला फोन लावून शोध थांबवला. कारण मात्र सांगितलं नाही. म्हटलं, बोटी धक्क्याला लागल्या की बोटीचा मालक येऊन सांगेल. मर्डोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ओळख पटवायची आहे ना? पटव.

सूर्य डोंगराआड जात होता तेव्हा बोटी परत आल्या. माणसं मिठाने पांढरी, डोळे लाल. तावेरा गळ्यातल्या झोळीत हात घालून आईशेजारी उभा. मर्डो लेकी वीस वर्षांत पहिल्यांदा त्या धक्क्यावर चालत आला. ऑटवेने वही काढली. मर्डोने ना माफी मागितली ना कारण सांगितलं. मोठ्याने म्हणाला, एल्विन जिवंत आहे, माझ्या शेडमध्ये, आणि मग,

"लांब वाळूवरची ती बोट माझी आहे."

मला वाटलं आता कुणीतरी त्याला पाण्यात लोटणार. लोटला असता तर मी वाचवला नसता. हुहाना पुढे झाली. सुरी नव्हती हातात. तिने त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"म्हणजे तरंगते तर एकदाची," ती म्हणाली.

मागे कुणीतरी फसकन हसलं. मग तीच हुहाना वळली आणि तिने त्याला अशी एक ठेवून दिली की त्याची टोपी पाण्यात पडली. ती कुणी काढली नाही. ऑटवेने त्याच्यावर केस केली, ती वेगळी. त्या हिवाळ्यात हुहानाच्या तराफ्यावर तावेराच्या जागी कालवं उपसायला मर्डोच जात होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि नको असंही कुणी म्हटलं नाही.

निवासातली खोली तामसिनने सोडली. गॅव्हिनशी काय बोलली मला ठाऊक नाही, त्या चकचकीत बुटांबरोबरचे तिचे दिवस थोडे कमी झाले एवढं दिसलं. ती शेडमध्ये राहायला आली. पहिल्याच दिवशी एल्विनने तिला सुरी देऊन लांब वाळूवर पाठवलं: आधी माझ्या शिडाचे गुडघे सोडव. तिने एकेक बांबू कापला. दुसऱ्या बाजूने काठी मर्डोने धरली होती, तोंड फिरवून.

एल्विनने जाण्याआधी अजून दोन उधाणं पाहिली. दुसऱ्याला बूड हललं तेव्हा तामसिन आत होती. तिने मला सांगितलं, हललं ते दोघांनाही कळलं.

कुआका आता शेडमध्येच असते. मर्डोची बोट खाडीत फिरते, एल्विनच्या शिडावर, सांध्यांसकट. शिडाला पोट सुटलेलं असतं आणि मर्डो सुकाणूवर तोंड वाकडं करून बसलेला असतो. उंच डोलकाठी घाल म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं. तो ऐकत नाही. वारा असो नसो, दोन पट्टे खालीच असतात. लांबून दिसलं तरी आता धक्क्यावर कुणी हसत नाही, आणि कोण चाललंय म्हणून विचारतही नाही.